गंजायला टांगलेलं लोखंड

९ सप्टेंबर

पोचलो बाई एकदाचे! सहा दिवस होडीत बसून कंबरेचे पार बारा वाजले, पण किनाऱ्यावर पाय टेकला आणि सगळं विसरले. ऊन काय सुंदर पडलं होतं! घर म्हणजे एकच खोली, ओंडक्यांची, पण नीटनेटकी. दाराला कुलूप नाही, नुसती खुंटी. चुलीत लाकडं रचून तयार, शेजारी काडेपेटी, आढ्याला सुक्या पावाची पिशवी. मागच्या हिवाळ्यात निघताना येर्मिलनेच ठेवलेलं. या रानात सगळेच तसं ठेवून जातात, कोण कधी गारठून दाराशी येईल सांगता येत नाही.

येर्मिल म्हणजे माझा नवरा. लिहिताना अजून हसू येतं. त्रेचाळिसाव्या वर्षी, गेल्या जुलैत लग्न केलं मी. गोदीतल्या बायका म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवस ग्लाशा, पहिलं बर्फ पडलं की नाक पुसत परत येशील. मी म्हटलं, सोळा वर्षं वसतिगृहात एका खाटेवर काढलीत, मला अस्वलाच्या गुहेत नेऊन टाकलंत तरी तिथे पडदे लावीन. आज लावले. निळे. येर्मिल बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, आता कोल्हे चहाला येतील. मला एवढंच हवं होतं, एक दार आपलं आणि आत एक माणूस आपलं. ते मिळालं. आता कुणी मला इथून हलवून दाखवावं.

१३ सप्टेंबर

कामाला लागलो. दोनशे सापळे आहेत. बहुतेक लहान, सेबल धरायचे. सेबल म्हणजे मुंगसासारखं दिसणारं, मांजराएवढं, मऊसूत कातड्याचं जनावर. काही मोठे, कोल्ह्यासाठी. उन्हाळाभर पडवीत पडून त्यांना तांबूस मिशी फुटली होती. मी म्हटलं, बाजूला हो, हे माझं खातं. सोळा वर्षं नदीवरच्या गोदीत बोटींची बुडं खरवडलीत मी. गंज दिसला की माझे हात शिवशिवतात.

आधी वाळूने आणि तारेच्या ब्रशने घासायचं. मग मोठ्या कढईत लार्चच्या झाडाची साल टाकून दोन तास उकळायचं. पाणी काळंभोर होतं, लोखंडही काळं होतं, आणि माणसाचा, तेलाचा, होडीचा सगळा वास जातो. शेवटी वितळलेल्या मेणात बुडवून सावकाश वर काढायचं. थर पातळ हवा, नाहीतर खटका अडकतो. साबण लावायचा नाही. आणि मेण लागल्यावर उघड्या हाताने शिवायचं नाही, सालीत उकळलेले हातमोजे घालूनच धरायचं. येर्मिल म्हणतो, उघडा हात लागला की लोखंड तो हात लक्षात ठेवतं. म्हणजे वास राहतो, एवढंच. इथली माणसं साधी गोष्टसुद्धा भुताखेतासारखी सांगतात.

मी वाळलेल्या सापळ्यावर पाण्याचा थेंब सोडून दाखवला. थेंब ठरलाच नाही, मोत्यासारखा गडगडत खाली गेला. येर्मिल म्हणाला, अशी बायको माझ्या सापळ्यांना मिळाली, मला कसली मिळतेय! आतापर्यंत अठ्ठ्याऐंशी झाले.

१५ सप्टेंबर

घराच्या मागे, वीस पावलांवर, एका लार्चच्या फांदीला एक भला मोठा सापळा टांगलाय. 'आजोबां'चा. (अस्वलाचं नाव इथे घेत नाहीत, आजोबा म्हणतात.) जबडा परातीएवढा, दात बोटभर, आणि सगळा गंजून पापुद्रे सुटलेले. उघड्यावर, पावसापाण्यात! माझा जीव कळवळला. विचारलं, हा का असा? येर्मिल जाळं दुरुस्त करत होता, मान वर न करता म्हणाला, असू दे. लटकलाय तर लटकू दे. मी म्हटलं, एवढं घडाईचं काम वाया चाललंय. तो म्हणाला, चहा टाकतेस का?

पुरुषांचा आळस, दुसरं काय. एक काम वर्षानुवर्षं पुढे ढकललं की मग त्याची रीत होते.

उद्या तो वरच्या दोन खोपटांत शिधा पोचवायला निघतोय. आठ दिवस. दामकाला माझ्या सोबतीला ठेवतोय. दामका म्हणजे आमची कुत्री, भारी मानी बाई, पडद्यांवर भुंकते.

१९ सप्टेंबर

उतरवला. शिडी लावून, दोर बांधून, घामाघूम होऊन. येर्मिल आला की दारावर चकचकीत टांगलेला दिसला पाहिजे. लग्नात मी त्याला काहीच दिलं नव्हतं.

गंज बोटभर होता. कमानी खाऊन खाऊन सुरीच्या पात्याएवढ्या उरल्यात. अजून दोन पावसाळे, आणि आपल्याच वजनाने तुटून पडला असता. बरं झालं मी आले! तीन दिवस घासतेय. जबड्याच्या सांध्यात एक हाडाचं बटण रुतून बसलं होतं, गंजाने चिकटलेलं. येर्मिलच्या कुठल्यातरी जुन्या कोटाचं असणार. शिवणाच्या डबीत टाकलं.

मग कढईत सालीच्या पाण्यात उकळला. साधं मेण याला पुरायचं नाही म्हणून गोदीतली रीत वापरली: जवसाचं तेल लावायचं, जाळावर भाजायचं, पुन्हा तेल, पुन्हा जाळ. पाच थर दिले. हा थर एकदा बसला की बोट बुडाली तरी गंज चढत नाही. वर मेण. शेवटी तळव्यांनी चोळून चोळून झळाळी आणली. हो, उघड्या तळव्यांनी. आजोबांना माझा वास येईना का, हा काही रानात लावायचा नाही.

उरलेले एकशे बारा लहान सापळे त्याच कढईत, त्याच पाण्यात उकळून घेतले. एवढी साल सोललेली, पाणी कशाला वाया घालवा?

२४ सप्टेंबर

येर्मिल आला. दाराशी थबकला. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओट्यावर बसला आणि पाठीवरचं ओझंसुद्धा उतरवेना. मी आपली बडबडतेय, पाच थर दिलेत, बघ तरी! तो म्हणाला, छान केलंस ग्लाशा. मग सापळा उचलून नेला आणि परत त्याच फांदीला टांगला. संध्याकाळपर्यंत लाकडं फोडत बसला, गरज नसताना.

मी रडले. हौसेने एखादं काम करावं आणि समोरच्याने तोंड फिरवावं, याच्याइतकं वाईट काही नाही.

२२ ऑक्टोबर

बर्फ पक्कं बसलं. सापळे लावून झाले, एकूण एक. रुसवाही गेला.

आज पहिली फेरी. एकाच दिवसात नऊ सेबल! येर्मिलच्या आयुष्यात असं झालं नव्हतं. पण तो खूश दिसेना. लहान सापळा पाय धरतो, मोडत नाही. या नऊ जणांत एकाचाही पाय धरलेला नव्हता. सगळ्यांची मानच. दोघांची तर मुंडकी बाजूला पडलेली. म्हणजे सापळ्याने वर उडी घेतली असली पाहिजे, असं मी म्हणून गेले. येर्मिल म्हणाला, वेड्यासारखं बोलू नकोस. आवाज कसातरीच होता त्याचा.

४ नोव्हेंबर

पडवीत वीस लहान सापळे दुरुस्तीला आणलेत. काल मी स्वतः मिटून खुंट्यांवर टांगले होते. सकाळी गेले तर सगळे उघडे, खटके ताणलेले, जमिनीवर, आणि सगळ्यांची तोंडं घराच्या दाराकडे. मी येर्मिलला म्हटलं, ही कसली थट्टा? माझा पाय गेला असता. त्याने शपथ घेतली. काठीने एकेक मिटवला. एका सापळ्याने काठीचे दोन तुकडे केले.

९ नोव्हेंबर

फोकाकाका आले. दोन दिवसांच्या वाटेवर त्यांचं रान आहे. सत्तरीचे, एकटे, तोंडाळ. मला बघून म्हणाले, काय सूनबाई, या मुक्याला अजून सोडून गेली नाहीस? वाटलं, चला, हसायला माणूस मिळालं. मग खिडकीतून त्यांना लार्च दिसला आणि त्यांचा चहा बशीतच राहिला. विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, मी केलं. येर्मिल फेरीवर होता, नाहीतर त्याने त्यांना बोलू दिलं नसतं.

सगळं सांगितलं त्यांनी. चौदा वर्षांपूर्वी त्या सापळ्यात येर्मिलचा सख्खा भाऊ सापडला, निकांद्र. कमरेत. तीन दिवस जिवंत होता. माणसाची चव लागलेलं लोखंड, फोकाकाका म्हणाले, पुरत नाहीत, कारण पुरलेलं टिकतं. नदीत टाकत नाहीत, कुणाच्या तरी जाळ्यात येतं. ते उघड्यावर टांगतात, आणि वारापाऊस खाईल तेवढं खाऊ देतात. गंज म्हणजे त्याची झोप. पोरी, ते मरायला टेकलं होतं, तू त्याला न्हाऊमाखू घालून उठवलंस.

मी डबीतलं बटण दाखवलं. फोकाकाकांनी टोपी काढली.

जाताना म्हणाले, नाताळचा उपवास लागायच्या आदल्या दिवशी, सत्तावीसला, कुत्र्यांची गाडी घेऊन येतो, दोघांनाही घेऊन जातो. तोवर जपा. आणि एक लक्षात ठेव, सापळा एका वेळी एकालाच धरतो. तोंड भरलेलं असलं की दुसऱ्याला चावत नाही.

१० नोव्हेंबर

येर्मिलला विचारलं. लहान मुलासारखा रडला. आजोबांचा सापळा लावला की दोन्ही बाजूंच्या झाडांवर कुऱ्हाडीने दोन-दोन खाचा मारायच्या असतात, माणसाला कळावं म्हणून. त्या दिवशी थंडी होती, घाई होती, उद्या मारू म्हणाला. उद्या निकांद्र त्या वाटेने आला.

मला राग आला, भयंकर आला. म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं? एक शब्द! मी हात तरी लावला असता का? तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू माझ्याशी लग्न केलं असतंस का? केलं असतं. मुडद्या, केलंच असतं.

११ नोव्हेंबर

थर उतरवायला दिवसभर झटलो. आधी कानस लावली. कानस घसरते. मग मोठा जाळ करून सापळा त्यात टाकला. मेण जळालं. तेलाचे थर जळाले नाहीत, आणखी भाजले, आणखी कडक झाले. जाळातून निघाला तेव्हा आधीपेक्षा काळा, आधीपेक्षा चकचकीत.

मीठपाणी ओतलं. ओतता ओतता गोठलं. उणे चाळीसच्या खाली गेलाय पारा, या थंडीत बर्फावर पडलेला खिळासुद्धा वसंतापर्यंत गंजत नाही. घरात घ्यायची हिंमत नाही. साखळीने परत झाडाला बांधला.

१५ नोव्हेंबर

दामका गेली.

सकाळी दार उघडलं, ती नेहमीसारखी माझ्या आधी बाहेर उडाली. पायरीवर लहान सापळे होते, पाच. आम्ही ठेवलेले नाहीत. एक पुढच्या पायाला, एक मागच्या, ती पडली तेव्हा तिसरा जबड्याला, मग गळ्याला. माझ्याकडे बघत होती. मी चिमट्याने एक उघडला की दुसरा आत रुते. येर्मिलने कुऱ्हाडीने सोडवलं तिला, म्हणजे दुःखातून.

बर्फावर पावलांच्या खुणा नव्हत्या. नुसती साखळ्या फरपटल्याची रेघ, पडवीपासून.

१८ नोव्हेंबर

येर्मिल रानातले सगळे गोळा करायला गेला होता. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, बाहेर मोकळे राहिले तर फोका येणार कुठून?

आणले. पोत्यात भरून, तोंडं तारेने बांधून. पण उजव्या हाताला एक चिकटलेलाच होता. दोन कोस तसाच चालत आला. कढईच्या काठावर हात ठेवून मी पहारीने जबडा फाकवला. तीन बोटं सापळ्यात राहिली.

बोटं चुलीत टाकली. सापळा पोत्यात. पोती पडवीत, वर दगड.

२१ नोव्हेंबर

येर्मिलला ताप. पहारीवर त्याचं रक्त सांडलं होतं, ती सकाळी तांबूस गंजलेली दिसली, चुलीच्या उबेत. मला आशा वाटली. पोत्यातल्या सापळ्यावर तेच रक्त बघितलं. थेंबथेंब होऊन खाली ओघळलेलं. वर डागसुद्धा नाही.

काय काम केलंय मी! गोदीत बक्षीस मिळालं असतं.

२४ नोव्हेंबर

लार्चवर साखळी आहे. सापळा नाही.

आज बाहेर पडलो नाही. खुर्च्या फोडून जाळतोय. पडदे काढून त्याच्या हाताला बांधले.

२५ नोव्हेंबर, दुपार

लाकडं संपली. येर्मिल म्हणाला, चारच पावलं आहेत ढिगापर्यंत, काठीने बर्फ चाचपत जातो. मी म्हटलं, मी जाते. तो म्हणाला, तुझा तळवा ओळखतो तो, ग्लाशा. तू नको. आणि मला मागे ढकललं.

तिसऱ्या पावलाला —

काठी लागली नव्हती. बर्फ खालून फुटलं. गुडघ्याच्या वर. हाड मोडल्याचा आवाज मी दारात ऐकला. ओढत आत आणलं, सापळ्यासकट. पहार घातली, घसरली. पुन्हा घातली, घसरली. माझंच तेल, माझेच थर. जबडा बोटभर उघडतो आणि दोन बोटं आत जातो.

येर्मिल म्हणाला, कुऱ्हाड घे.

२५, संध्याकाळ

घेतली. चार घाव लागले. पहिले दोन मी रडत घातले, ते वाया गेले. पट्टा आवळलाय. जिवंत आहे. डोळे मिटून आहे. माझं नाव घेतो.

पाय सापळ्यात आहे. दारापाशी ढकललाय. मिटलेला आहे. तोंड भरलेलं आहे. फोकाकाका परवा येतील. परवापर्यंत —

२६ नोव्हेंबर, सकाळ

उघडलाय.

पाय बाजूला टाकलाय. मेलेलं नको त्याला. खाटेकडे एक हात सरकलाय. लाकूड घातलं, चावून थुंकला. गोठलेलं मांस घातलं, थुंकला. दोर बांधून ओढून धरला, दोर तुटला. मी नजर हलवली की सरकतो.

येर्मिलकडे जातोय.

नाही. तो नाही. एवढं एकच मिळालंय मला.

फोकाकाका म्हणाले होते — एका वेळी एकालाच —

२६, दुपार

डावा हात दिला. कोपरापर्यंत. ओळखला त्याने, लगेच ओळखला. ओरडले नाही, येर्मिल जागा होईल. उजव्याने लिहितेय.

गच्च धरलंय. सरकत नाही आता. तोंड भरलं. उद्यापर्यंत तग धरायचा. फक्त उद्यापर्यंत. फोकाकाका, आधी त्याला गाडीत घाला. मग माझं बघू.

रक्त ठरत नाही त्याच्यावर. मोत्यासारखं —

येर्मिल झोपलाय. श्वास चाललाय. ऊन आलंय खिडकीत, पडदे नाहीत ना. बरं वाटतंय. जिंकले मी —

पडवीत काहीतरी पडलं. दगड.

पोती. तारेचा आवाज —

त्याच कढईत. त्याच पाण्यात. मीच —

साखळ्या फरपटतायत. दाराशी. दाराला कुलूप नाही, नुसती खुंटी — उठता येत नाही मला, हा सोडत नाही —

एकशे बारा. येर्मिल, ऊठ. एकशे बारा आहेत, आणि सगळ्यांची तोंडं रिका